वाईला उतरलो

शुक्रवार

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. डेपो स्वारगेट. सलग नाही, पण सगळी मिळून 22 वर्षं त्यांनी स्वारगेट-महाबळेश्वर केली. म्हणजे वाईच्या स्टँडवर ते काही हजार वेळा आले असतील, आणि दर खेपेला दहा मिनिटांसाठी. कंट्रोलरकडे नोंद, एक चहा, वेबिलावर आकडे, की डबल बेल आणि पुढे पसरणीचा घाट. मुक्काम पडायचा तोही महाबळेश्वरला. "वाईचा गणपती फार मोठा आहे म्हणतात," असं ते आम्हाला लहानपणी सांगायचे. त्यातलं ते 'म्हणतात' मला तेव्हाही खटकायचं. ज्या गावातून रोज जाता त्याच्याबद्दल ऐकीव काय बोलता?

यंदा जानेवारीभर दाव्यांच्या फायली उपसल्या (मी विम्याच्या ऑफिसात आहे, दावा म्हणजे कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलं असतं, दिवसभर तेच वाचायचं) आणि फेब्रुवारीत एक शनिवार-रविवार मोकळा सापडला. घरच्यांना महाबळेश्वर हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही जा गाडीनं. मी आणि आप्पा एसटीनं निघतो आणि वाईला उतरतो.

"उतरून करायचं काय?" आप्पा.

"काही नाही."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

आप्पा 76 वर्षांचे आहेत. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आम्हा दोघांत मिळून अर्धं तिकीट. कंडक्टरनं मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून हातात दिलं, तेव्हा आप्पांनी ते चष्मा लावून उलटसुलट वाचलं. "आमच्या वेळी तिकिटाला भोक पाडावं लागायचं," ते त्या पोराला म्हणाले. पोरगा हसला आणि पुढच्या सीटकडे वळला. आप्पा मागे वळून बघत राहिले. मला वाटलं त्याच्याकडेच बघतायत, पण नाही. "बेचाळीस बसलेत, सहा उभे," ते म्हणाले. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, माणसं मोजायचं काही सुटत नाही. लग्नाच्या पंगतीतही मोजतात.

शिरवळच्या पुढे ऊन कललं. खंबाटकीला जाताना घाट चढायचा आणि परत येताना बोगद्यातून यायचं, त्यामुळे जाताना दरी दिसते आणि येताना फक्त दिवे. घाट उतरून सुरूर फाट्याला गाडी हायवे सोडून आत वळली, दोन्ही बाजूंना ऊस आला, रस्त्यावर झाडांच्या सावल्या आल्या. आप्पांनी पाठ सरळ केली. हा रस्ता त्यांना झोपेतही येतो. कुठला थांबा विनंतीचा, कुठं शाळेची पोरं दार अडवून उभी राहायची, कुठल्या वळणावर एका म्हातारीची कोंबडी टपावरून उडाली होती.

स्टँडवर उतरलो, पिशव्या घेतल्या आणि आप्पा तिथंच थांबले. गाडी निघेपर्यंत हलले नाहीत. डबल बेल वाजली, गाडी पाचगणीकडे गेली, धूर बसला. मग म्हणाले, "चल. आता कुठं?" हा प्रश्न त्यांनी वाईत पहिल्यांदाच विचारला असणार.

राहायची सोय गणपती आळीजवळच्या एका जुन्या घरात होती. माडीवरची खोली, लाकडी जिना, उभ्या गजांची खिडकी. गीझर होता, पण बंद पडलेला. घरच्या काकूंना त्याची काही लाज वाटलेली दिसली नाही. "सकाळी बंब पेटवते की," म्हणाल्या. रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत आणि लसणाची चटणी. मी दोन भाकरी खाल्ल्या. घरी मी अर्धी खाते आणि त्याचाही हिशेब ठेवते.

शनिवार

पहाटे पाचला जाग आली ती धुराच्या वासानं. खाली अंगणात तांब्याचा बंब पेटला होता. आप्पा त्याच्यासमोर पाटावर बसून चिपाडं सारत होते, काकू पलीकडे चहा गाळत होत्या, आणि दोघांचं 'पूर्वीची थंडी' या विषयावर एकमत झालेलं होतं. बंबाच्या पाण्याला धुराचा अगदी थोडा वास असतो. अंघोळ करून आलं तरी तो केसांत राहतो. मी तो दिवसभर मुद्दाम हुंगला.

सहाला घाटावर गेलो. वाईला कृष्णेचे सात घाट आहेत, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. गावाच्या आळ्याही त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात. आम्ही गणपतीच्या घाटावर बसलो. पायऱ्या गार होत्या, त्या गारव्याची जाड साडीतूनही जाणीव होत होती. पाण्यावर धुकं आणि पलीकडच्या काठावर फक्त झाडांचे शेंडे. दोन बाया कपडे घेऊन आल्या आणि पहिला धपाटा दगडावर पडला, त्याचा आवाज पलीकडून परत आला. एक गृहस्थ गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून काहीतरी पुटपुटत होते. थंडीमुळे की मंत्र म्हणून, ते कळलं नाही. पाणी स्वच्छ होतं असं मला म्हणवत नाही. कडेला निर्माल्य होतं, प्लॅस्टिक होतं. तरीही सूर्य वर येऊन धुकं पाण्यावरून उचललं गेलं, त्या पाच-सात मिनिटांत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग ढोल्या गणपती. आप्पांचा 'म्हणतात'वाला गणपती. 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं. मूर्ती साधारण 10 फूट उंच, ऐसपैस बसलेली, पोट असं की नाव ठेवणाऱ्याला दुसरं काही सुचलंच नसावं. आप्पांनी हात जोडले आणि बराच वेळ मान वर करून बघत राहिले. "आम्ही स्टँडवरनंच नमस्कार करायचो," म्हणाले. "मी आणि ड्रायव्हर. त्याचं तोंड पाचगणीकडे, माझं वेबिलात."

पण त्यांना देवापेक्षा देवळाची पाठ जास्त आवडली. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, निमुळत्या टोकाची. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा या टोकावर येऊन दोन्ही बाजूंना फाटतो, भिंतीवर सरळ आदळत नाही. आप्पा घाटावरून चालत जाऊन त्या टोकापाशी उभे राहिले, दगडावरून हात फिरवला, मग दोन्ही हातांनी पाणी कसं फुटत असेल ते मला करून दाखवलं. शेजारून जाणाऱ्या एका शाळकरी मुलालाही दाखवलं. त्याला ते आधीच माहीत होतं. "आजोबा, पुराच्या टायमाला या," तो म्हणाला.

नाश्त्याला स्टँडजवळ मिसळ. तिखट होती, छान होती, एवढंच. तिथंच अकराच्या सुमारास साहेबांचा फोन आला. नेटवर्क पूर्ण होतं. मी तो टेबलावर पालथा ठेवला आणि आणखी एक पाव मागवला.

दुपारी उगाच भटकताना गंगापुरीत मराठी विश्वकोशाच्या कार्यालयापाशी आलो. शनिवार, सरकारी सुट्टी, म्हणजे बंद. मला मात्र फाटकाबाहेर उभं राहूनही भरून आलं. आमच्या शाळेच्या कपाटात विश्वकोशाचे खंड होते आणि ग्रंथपालबाई ते घरी नेऊ द्यायच्या नाहीत. मधल्या सुट्टीत उभ्यानं वाचायचे. एवढा मोठा ज्ञानाचा कारखाना मुंबईत किंवा पुण्यात असणार अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्या पानावर 'वाई' वाचलं तेव्हा मी आप्पांना विचारलं होतं, "तुमची गाडी जाते तीच वाई का?" तीच. विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे, म्हणून विश्वकोश वाईला. पहिला खंड 1976 साली निघाला, विसावा 2015 मध्ये. तर्कतीर्थ 1994 मध्येच गेले. ज्या प्राज्ञपाठशाळेत ते घडले, तिथंच 1917 च्या सुमारास विनोबाही शिकायला येऊन राहिले होते. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, आश्रमातून रजा काढून, शास्त्रं वाचायला इथं आला. रजा घेऊन वाईत येण्याची ही परंपरा जुनी आहे म्हणायची. आमच्या आणि विनोबांच्या रजेत फरक इतकाच की आम्ही त्यानंतर परत जाऊन दीड तास झोपलो.

दुपारची झोप हा विषय मी इथं लांबवणार नाही. पण खिडकीचं एक दार लोटलेलं, गजांच्या सावल्या जमिनीवर, खाली कुणीतरी तांदूळ निवडतंय त्याचा सुपातला सळसळाट, आणि 'आता उठायला हवं' असं सांगणारं कुणीही नाही. बस.

चारला रिक्षा करून मेणवलीला गेलो. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे घाट. 1768 मध्ये हे गाव नानांना इनाम मिळालं. वाडा सहा चौकांचा, सागवानी खांबांचा, काही भिंतींवर जुनी चित्रं अजून तग धरून आहेत. वाडा मी घाईनंच पाहिला, खरं सांगते. बंद खोल्यांच्या अंधारात मला नेहमी वटवाघळांचीच आठवण येते. घाट मात्र सोडवेना. अर्धचंद्रासारखा वळलेला, वरपासून पाण्यापर्यंत एकसंध पायऱ्या, वर वड-पिंपळ आणि देवळं. आत्तापर्यंत तो इतक्या सिनेमांत येऊन गेलाय की तिथं बसल्यावर आपणच कुठंतरी पाहिलेले वाटतो.

देवळाशेजारी एका दगडी घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. पंचधातूची, अंगावर मेरी आणि बाळ येशू, आणि 1707 हे साल. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले. महाराष्ट्रात अनेक देवळांत त्या आहेत, त्यातलीच ही एक. वसईहून इथपर्यंत, घाट चढवून, बैलांच्या जिवावर आणली असणार.

"कुणी आणली?" आप्पांनी विचारलं.

"चिमाजी अप्पांनी."

"म्हणजे आमच्यातलेच." मग घंटेखाली वाकून आतला लोळा पाहिला. "ही एकदा वाजली की थांबायचं, का दोनदा वाजली की निघायचं?"

मी म्हटलं, आप्पा, आज कुणी निघायचं नाही.

सूर्य कलेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो. एक मुलगा म्हशी पाण्यात घालून दगडावर आडवा झाला होता आणि म्हशींना बाहेर काढायची त्याला काडीची घाई नव्हती. आप्पांनी म्हशी मोजल्या. अकरा.

संध्याकाळी वाईत परतलो तर एका घाटावर मांडवाचे बांबू येऊन पडले होते. कृष्णाबाईच्या उत्सवाची तयारी. माघ-फाल्गुनात हा उत्सव एका घाटाकडून दुसऱ्या घाटाकडे सरकत जातो. प्रत्येक आळीची आपली कृष्णाबाई, आपले दिवस, आपली भजनं-कीर्तनं आणि आपला प्रसाद. अफजलखानाचं संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हे चालू आहे, अशी कथा सांगतात. खान वाईत तळ देऊन होता हे तर इतिहासातलंच. बांबू मोजून घेणारे एक काका आम्हाला म्हणाले, "आमच्या घाटावर जेवायला या. बाकीच्यांच्या घाटावर पण जेवण असतं." दुसरं वाक्य ज्या सुरात आलं, त्यावरून कुठल्या घाटाचा मसालेभात चांगला यावर गावात काय रणं माजत असतील याचा अंदाज आला.

रविवार

सकाळी धोमला निघालो. कृष्णेवरचं मोठं धरण तिथं आहे. पण धरणापर्यंत आम्ही उशिराच पोचलो, कारण वाटेत हळद लागली.

रिक्षातून जाताना एकदम वास आला. ओल्या मातीसारखा, थोडा कडवट आणि वाफाळलेला. रस्त्याकडेला शेतात चूल पेटलेली, वर भलीमोठी कढई, कढईवर पोती टाकून झाकलेलं, आणि कडांतून पांढरी वाफ. मी रिक्षा थांबवायला सांगितली. हळद मी आयुष्यभर डब्यात पाहिली. लग्नात अंगाला लावली, जखमेवर दाबली, तीस वर्षं रोज फोडणीत टाकली. ती शिजवावी लागते हे मला 48 व्या वर्षी कळलं.

"बसा की पाव्हणं," शेतकरी म्हणाला आणि दोन रिकामी पोती अंथरली. त्याची बायको, आई आणि चार गडीमाणसं कामाला होती. काम न थांबवता सगळ्यांनी मिळून आम्हाला शिकवलं. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावण. मग आठ-नऊ महिने जमिनीत. पाला वाळला की कापून टाकायचा आणि हळद खणायची. मधला मोठा तो गड्डा, त्याला फुटलेली बोटं ती हळकुंडं. दोन्ही वेगळी करायची, कारण शिजायला सारखा वेळ लागत नाही. शिजली का ते बघायला काडी टोचायची. आजीनं मला काडी दिली. माझी काडी अडकली. पाव तासानं पुन्हा दिली, तेव्हा लोण्यात गेल्यासारखी गेली. आजी म्हणाली, "झाली." नंतर दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, आणि वाळून खडखडीत झाली की ड्रममध्ये घालून फिरवायची, म्हणजे वरची साल घासून जाते आणि पिवळी चकाकी येते. या क्षणी ती मातकट, सुरकुतलेली, कुणी बघणारही नाही अशी होती. मी एक हळकुंड मोडलं. आत रंग एवढा भगवा होता की बोटं सोमवारपर्यंत तशीच राहिली.

(वाईची हळद म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली ती 'वायगाव हळद', असं मी तिथं मोठ्या तोऱ्यात म्हणाले. शेतकरी हसला. ते वायगाव वर्धा जिल्ह्यातलं. मी परत काही बोलले नाही.)

तिथं किती वेळ गेला कोण जाणे. आप्पांनी पायातल्या चपला काढल्या होत्या आणि चुलीकडे तळवे करून ते बसले होते. शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, मुलं एसटीनं जायची का शाळेला? शेतकरी म्हणाला, मीच जायचो, वाईला, पासावर. कुठल्या साली, कुठली गाडी, सकाळची का दुपारची, अशी उलटतपासणी झाली. आप्पा कधी या फाट्यावरून गेलेच नव्हते. त्यांची गाडी पसरणीनं जायची. तरीही दोघांना एक सामाईक ड्रायव्हर सापडला. त्याच्या मिशा, त्याचं हॉर्न वाजवणं. चहा आला. निघताना आजीनं कागदात पाच-सहा मागच्या वर्षीची वाळकी हळकुंडं बांधून दिली. पैसे विचारले तर तिला रागच आला.

धोमला सिद्धेश्वराच्या देवळापुढचा नंदी मला फार दिवस पाहायचा होता. तो कासवाच्या पाठीवर बसलाय, आणि कासव कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात. कुंड पाण्यानं भरलं की कासव नंदीला घेऊन पोहत निघालंय असं दिसत असणार. आम्ही गेलो तेव्हा तळाशी वीतभर पाणी होतं, म्हणजे कासवाचे पाय तेवढे भिजलेले. शेजारी नरसिंहाचं देऊळ. धौम्य ऋषींवरून गावाला धोम नाव पडलं असं पुजाऱ्यांनी सांगितलं. धरणाची भिंत लांबून पाहिली, पाणी निळं होतं, डोंगर तपकिरी. आप्पांना भूक लागली होती.

काकूंकडे शेवटचं जेवण. डहाळ्याचे ओले हरभरे सोलून केलेली उसळ, भात, ताक. बिल देताना काकूंनी गीझरचे म्हणून काही कमी केले नाहीत, आणि मीही बंबाचे जास्त दिले नाहीत.

साडेतीनला स्टँडवर. महाबळेश्वरहून आलेली गाडी लागली, कंडक्टर खाली उतरून ओरडला, "वाई! दहा मिनिटं!" पोरं, टोप्या, स्ट्रॉबेरीचे खोके घेतलेले प्रवासी पाय मोकळे करायला उतरले. कुणी चहाकडे, कुणी मुतारीकडे. एका बाईनं आप्पांना विचारलं, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?"

"दहा मिनिटांत?" आप्पा म्हणाले. "चहा बरा मिळतो."

आम्हाला मागची सीट मिळाली. सुरूरपर्यंत गाडी खच्चून भरली, मधल्या वाटेतही माणसं. घरच्यांचा मेसेज आला होता: महाबळेश्वरला गाड्यांची रांग, एका पॉइंटवर तासभर अडकले होते, तुम्ही काय काय पाहिलं? मी फक्त हळकुंडाचा फोटो पाठवला. साहेबांचे तीन मिस्ड कॉल झाले होते. खंबाटकीचा बोगदा आला, खिडकीतून पिवळे दिवे एकामागून एक जायला लागले.

"आप्पा," मी विचारलं, "किती माणसं आज?"

उत्तर आलं नाही. हळकुंडांची पुडी मांडीवर धरून, तोंड थोडं उघडं टाकून, ते झोपले होते.